जाड, गोलमटोल फॉन्ट : गोड की बालिश?

रेघोट्या (धागाकर्ता)

मंडळी, डोकं खाजवून थकलो म्हणून इथे विचारतोय.

दातांच्या दवाखान्याच्या पाटीचं आणि बाकी सटरफटर छपाईचं काम आलंय. नाव समजा 'शुभ्र' (खरं नाव वेगळं आहे, पण अडचणी त्याच). डॉक्टरीणबाईंना हवाय जाडजूड, टोकं गोल असलेला फॉन्ट. त्यांच्या शब्दांत, "गुबगुबीत, हात लावला तर मऊ लागेल असा." तोही फक्त पाटीवर नाही. पावती, औषधाची चिठ्ठी, 'दात काढल्यावर काय काळजी घ्यावी'चं पत्रक, सगळीकडे तोच.

माझं मत असं की हा फॉन्ट खेळण्यांच्या खोक्यावर शोभतो. ज्या माणसाच्या हाती आपला जबडा द्यायचा, त्याची पाटी फुग्यासारखी दिसली तर मी आल्या पावली परत फिरेन. बाई म्हणतात, लोक आधीच घाबरून येतात, त्यांना अजून टोकदार काही दाखवू नका.

कोण बरोबर? आणि देवनागरीत असा धड फॉन्ट आहे का? मला सापडलेल्या निम्म्या नमुन्यांत इंग्रजी अक्षरं गोंडस आणि मराठी अक्षरं सुजलेली.

चष्मिष

बाई बरोबर. पैसे त्या देणार आहेत. धागा संपला.

काना_मात्रा

अहो चष्मिष, आत्ताच मांडी घालून बसलोय. एवढ्यात संपवू नका.

दुपारची_झोप

बाईंच्या बाजूने एक मुद्दा. वोल्फगांग कोलर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९२९ मध्ये लोकांना दोन आकृत्या दाखवल्या, एक काटेरी आणि एक गोलसर. यातली 'टाकेटे' कुठली आणि 'बालुबा' कुठली, असं विचारलं. दोन्ही शब्द अर्थहीन, तरी बहुतेकांनी काटेरीला टाकेटे म्हटलं. २००१ मध्ये रामचंद्रन आणि हबर्ड यांनी तोच खेळ 'किकी' आणि 'बुबा' हे शब्द घेऊन मांडला, निकाल तसाच. म्हणजे टोक आणि गोलाई यांचा आपल्या डोक्यात आवाजाशीसुद्धा संबंध जुळलेला असतो. मग भीतीशी नसेल कशावरून?

अनुस्वार

किकी म्हणजे ड्रिल. बुबा म्हणजे भूल दिल्यावरचा गाल. पटलं.

काना_मात्रा

हहपुवा (हसून हसून पुरेवाट)

टोकदार

दुपारची_झोप, प्रयोग रोचक आहे, पण त्यातून 'गोल म्हणजे विश्वासू' हे निघत नाही. फार तर 'गोल म्हणजे मऊ' एवढंच निघतं. मला दातांचा डॉक्टर मऊ नको, हात न थरथरणारा हवा. धागाकर्त्याशी सहमत. हल्ली जो तो आपल्या अ‍ॅपची अक्षरं फुगवतोय. आपली माहिती कशाला हवी ते सांगत नाहीत, पण अक्षरं बघा कशी लाडिक! गोलाईचा सर्वांत मोठा उपयोग लबाडी झाकायला होतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

जुनाखिळा

टोकदार, राग समजतो, पण अ‍ॅपवाल्यांचं पाप फॉन्टच्या माथी मारू नका. ही वळणं अ‍ॅपच्या कितीतरी आधीची आहेत.

कूपर ब्लॅक घ्या. ऑस्वाल्ड कूपरने काढलेला, १९२२ मध्ये शिकागोच्या बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या टाइप फाउंड्रीने, म्हणजे छपाईचे खिळे ओतणाऱ्या कारखान्याने, बाजारात आणलेला. त्याला पाय आहेत, म्हणजे सेरिफ आहेत, पण सगळं लोण्यासारखं वितळलेलं. तो पोरासोरांसाठी नव्हता. जाहिरातीतला एक शब्द लांबून दिसावा म्हणून होता. हाच टाइप पुढे गाण्यांच्या तबकड्यांवर गेला आणि आज ईझीजेट या विमान कंपनीच्या नावातही आहे. फुग्यासारखं अक्षर विमानावर चालतं, लोक त्यात बसतात, पट्टा बांधतात.

मग १९७० च्या सुमाराचा लेट्रासेटचा फ्रँकफर्टर. लेट्रासेट म्हणजे कागदावर घासून उमटवायची अक्षरं. तेव्हा शिशाचा खिळा पाडायची गरज उरली नव्हती, त्यामुळे कुणीही काहीही आकार काढायला मोकळं झालं. त्या दशकात अक्षरं एवढी फुगली त्यामागे हे मोठं कारण आहे.

आणि १९७९ चा व्हीएजी राउंडेड. फोक्सवागन आणि आउडी यांच्या गाड्या एकाच विक्रेत्याकडे मिळू लागल्या, तेव्हा त्या सगळ्या कारभाराला एक चेहरा हवा म्हणून तो केला गेला. जर्मन मोटार कंपनी, बरं का. खेळण्याच्या मोटारींची नव्हे. हाच फॉन्ट पुढे अ‍ॅपलच्या कीबोर्डवर कितीतरी वर्षं होता. २०१५ मध्ये त्यांनी तो बदलायला सुरुवात केली.

रेघोट्या, तुम्ही तो कीबोर्ड कधी वापरला असेल तर त्या गोल टोकांवर बोटं आपटतच 'गोल टोकं बालिश' असं टंकलं असेल.

टोकदार

कीबोर्डच्या अक्षराकडे टंकताना कोण बघतं?

अनुस्वार

मी. अजून.

बोरूबहाद्दर

माझा आक्षेप वेगळा आहे. रोमनचं रोमनवाले बघतील. देवनागरीचं वळण बोरूच्या तिरप्या कापातून आलं आहे. बोरू जसा फिरतो तशी रेघ जाड-बारीक होते, टोकाला तिरका छेद मिळतो. 'क'चा वाटोळा भाग, 'ह'ची खालची शेपटी, 'ल'चं वळण यांत हात कुठून कुठे गेला ते दिसतं. सगळीकडे सारखी जाडी ठेवून टोकं गोल केली की हात पुसला जातो आणि नुसती नळी उरते. असल्या अक्षरांना मी वळण म्हणत नाही, प्लंबिंग म्हणतो.

वेलांटी

बोरूकाका, प्लंबिंग आवडलं. पण तुमच्या घरात आज बोरू कितीजण वापरतात? पेन्सिल, खडू, बॉलपेन, मार्कर, पाटीवरची पेन्सिल, वाळूत फिरवलेलं बोट, या सगळ्यांची टोकं गोल. बोरू हा आपल्या लिपीचा आजोबा आहे हे मान्य, पण आपल्यातल्या बहुतेकांनी पहिलं 'ग म भ न' गोल टोकानेच गिरवलं. गोल टोकाचं देवनागरी अक्षर उपरं नाही. छपाईने त्याला उशिरा आत घेतलं इतकंच.

बोरूबहाद्दर

मुद्दा आहे. पण गिरवलेलं अक्षर आणि पाटीवरचं अक्षर यांत फरक असावा की नाही?

राउटरवाला

पाटीचं नाव निघालं म्हणून आलो. माझा धंदाच अक्षरं कापायचा.

तुम्ही लोक गोल की टोकदार यावर भांडताय, यंत्राने ते कधीच ठरवून टाकलंय. राउटरचं (म्हणजे अक्षरं कापायच्या यंत्राचं) फिरणारं पातं गोल असतं. त्यामुळे अक्षराच्या आतला कोपरा कधी काटकोनात निघत नाही. ३ मिलिमीटरचं पातं लावलं तर आत दीड मिलिमीटरची गोलाई राहणारच. बाहेरचा कोपरा टोकदार, आतला गोल, असलं धेडगुजरी अक्षर बाहेर येतं. मग कानशीने घासत बसा. मुळातच गोल टोकांचं अक्षर असेल तर जसं काढलं तसं निघतं. निऑनच्या काचेच्या नळीचंही तेच, नळीला काटकोन कुठून येणार?

विनाइलचं स्टिकर लावणार असाल तर अजून एक. टोकदार कोपरा सगळ्यांत आधी उचलतो. धूळ बसते, लोकांची नखं लागतात, महिन्याभरात 'क'ची शेपटी हवेत. गोल कड त्या मानाने चिकटून राहते.

आणि जाडी. आत दिवे असलेली पाटी करायची असेल तर अक्षराच्या पोटात एलईडीची पट्टी बसायला जागा लागते. बारीक, नाजूक वळण घेऊन लोक येतात आणि त्यात दिवे बसवा म्हणतात. कुठे बसवू? वेलांटीत?

वेलांटी

माझ्यात नको.

राउटरवाला

ताई, तुम्हाला नाही म्हटलं. :)

पण एक सांगून ठेवतो. जाड अक्षर दिव्याने उजळलं की रात्री प्रकाश कडेबाहेर पसरतो आणि आतल्या बारीक पोकळ्या बुजतात. 'ह' आणि 'ष' गठ्ठा होऊन बसतात. त्यामुळे पाटी दिवसा बघून 'ओके' म्हणू नका, अंधारात बघा.

मध्यममार्गी

दोन्ही फॉन्ट एकत्र वापरता येतील का? एक ओळ गोल, एक ओळ टोकदार, म्हणजे डॉक्टर पण खूश आणि धागाकर्ता पण.

चष्मिष

म्हणजे दोघंही नाराज.

वेलांटी

रेघोट्या, तुम्ही दुसरा प्रश्न विचारला होता, देवनागरीत धड काय आहे? त्याकडे कुणी वळलंच नाही. थोडं सविस्तर लिहिते, धीर धरा.

रोमन अक्षर जाड करणं सोपं, कारण 'ओ'च्या पोटात एकच पोकळी असते. आपल्याकडे 'क्ष', 'ष्ट्र', 'द्ध', वर रफार, खाली उकार, शेजारी वेलांटी, आणि या सगळ्यांवर आडवी शिरोरेषा. रेघ जाड करायची तर ती जाडी कुठेतरी गेली पाहिजे. बाहेर जागा नसते, म्हणून ती आत शिरते आणि पोकळ्या खाते. चांगला अक्षरकार मग आडव्या रेघा उभ्यांपेक्षा बारीक ठेवतो, गाठी मोकळ्या करतो, जिथे दोन रेघा भेटतात तिथे चोरून मांस काढतो. सुजलेला आणि गुबगुबीत यांतला फरक नेमका इथे आहे.

दुसरी गंमत शिरोरेषेची. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराचा शिरोरेषेचा तुकडा स्वतंत्र असतो आणि कडेला सपाट कापलेला असतो, म्हणून शेजारच्याला बिनजोड भिडतो. टोकं गोल करायची या उत्साहात तीही गोल केली की दोन अक्षरांच्या सांध्यावर खाच पडते. मग मधली टोकं सपाट आणि शब्दाच्या दोन कडांची तेवढी गोल, अशी कसरत करावी लागते. (आणि कृपा करून अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. रोमनमध्ये ते ऐटदार दिसतं, आपल्याकडे शिरोरेषेचे तुकडे पडतात.)

तिसरं, गोल टोकाची रेघ डोळ्याला आखूड भासते. सपाट टोकाच्या रेघेएवढीच ठेवली तर काना हवेत लोंबकळतोय असं वाटतं. म्हणून ती ओळीखाली केसभर उतरवावी लागते. फीत लावून मोजलं तर चूक, डोळ्याने पाहिलं तर बरोबर.

आता नावं. 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या मंडळींचा 'बालू' बघा, जाड, गोलसर, मिश्किल, आणि मोफत. सुरुवातीला एकाच वजनाचा (म्हणजे जाडीचा) होता, 'बालू २' मध्ये साध्यापासून अतिठळकपर्यंत पाच वजनं आली. त्यांचाच 'मोदक' बघा. त्यात जाडी इतकी टोकाला नेली आहे की पोकळ्यांच्या नुसत्या केसासारख्या चिरा उरल्यात. मोठ्या आकारात देखणा. पावतीवर वापराल तर मी तुमच्याशी बोलणार नाही.

काना_मात्रा

वाखुसा (वाचनखूण साठवली).

लिपीकार_होऊ_घातलेला

अवांतर : बालूच्या वेगवेगळ्या लिप्यांतल्या भावंडांची नावं पाहिलीत का? गुजरातीचा बालू भाई, पंजाबीचा बालू पाजी, बांगलाचा बालू दा, तमिळचा बालू तंबी, मल्याळमचा बालू चेट्टन, उर्दूचा बालू भाईजान. सगळ्यांचा अर्थ भाऊ! आपल्या देवनागरीवाल्याला मात्र नुसतं 'बालू'. 'बालू भाऊ' करायला काय झालं होतं?

अनुस्वार

जाड वजनात 'भाऊ' नीट उमटला नाही तर 'माऊ' होईल म्हणून.

दुपारची_झोप

बालू माऊ. मला हवाय हा फॉन्ट.

वेलांटी

हसू नका, अनुस्वारने नकळत खरं दुखणं सांगितलंय. भ-म, ध-घ, थ-य, या जोड्यांत फरक काय? मुख्यतः डावीकडे वर शिरोरेषा तुटलेली असते आणि तिथे छोटा आकडा असतो. सगळी ओळख त्या फटीवर. रेघ जाड झाली की ती फट पहिली बुजते. 'धार'ची 'घार' होते, 'धडा'चा 'घडा' होतो.

रेघोट्या, एक विचारते. तुमच्या नावात भ आहे. तुम्ही नमुना कसा केलात?

टोकदार

या सगळ्यात माझा मुद्दा राहिलाच. फॉन्ट चांगला काढला असेल, तरी दवाखान्याला शोभतो का?

फिरस्ता_२

टोकदार, जपानमध्ये कितीतरी रस्त्यांच्या दिशादर्शक पाट्यांवर 'मारू गोथिक' वळणाची अक्षरं असतात. मारू म्हणजे गोल. भरधाव जाणाऱ्या ड्रायव्हरला वळण दाखवण्याइतकं गंभीर काम गोल टोकांची अक्षरं करतात. तिथे त्याला कुणी बालिश म्हणत नाही, कारण सवय. इंजिनिअरिंग ड्रॉइंगवरची अक्षरंही आठवा. शाईचं टेक्निकल पेन नळीसारखं, म्हणून प्रत्येक रेघेचं टोक गोल. ते बघून पूल बांधले गेले.

बालिशपणा गोलाईत नसतो. गोलाई, जाडी, पाच रंग आणि उड्या मारणारी ओळ असं सगळं एकत्र आलं की मग खेळण्याचं खोकं होतं. एकेक काढून बघा.

टोकदार

जपानचं माहीत नव्हतं. विचार करतो.

चष्मिष

टोकदार यांनी 'विचार करतो' लिहिलं. धाग्याचं सार्थक झालं.

निवृत्त_मुद्रितशोधक

एक वेगळा कोपरा. पाटीचं मिटलं असं धरू. बाई पत्रकही त्याच फॉन्टमध्ये मागतायत. तिथे पाय रोवून उभे राहा. जाड गोल अक्षर हे घोषणेसारखं असतं. एक शब्द, दोन शब्द, फार तर एक ओळ. पानभर तोच लावला तर सगळेच ओरडतायत आणि ऐकू कुणाचंच येत नाही. दात काढून आलेला माणूस, अर्धा गाल बधिर, चष्मा कुठे ठेवलाय आठवत नाही, त्याला 'गरम पाण्याने चूळ भरू नये' यातला 'नये' सापडला पाहिजे. ठळक करायचा तर तो एकच शब्द करा. सगळंच ठळक असेल तर 'नये' ठळक कसा करणार?

आयुष्यभर प्रुफं वाचली. 'नये' गळालेली पत्रकं मी पाहिली आहेत.

काना_मात्रा

औषधाच्या चिठ्ठीला मात्र कुठलाही फॉन्ट लावा, खाली डॉक्टरांचं अक्षर येणार आहे.

मध्यममार्गी

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकण्यात आला आहे)

बोरूबहाद्दर

मुद्रितशोधकांना +१. आणि वेलांटीताई, काल रात्री 'बालू' मोठा करून पाहिला. 'ळ' चांगला आहे. एवढंच म्हणतो.

वेलांटी

बोरूकाका, एवढं पुरे. फोटो काढून ठेवते.

रेघोट्या (धागाकर्ता)

मंडळी, माफी. चार दिवस गायब होतो. सगळं वाचलं, काही दोनदा.

वेलांटीताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला लाज वाटतेय. मी साधा ठळक फॉन्ट घेतला, सॉफ्टवेअरमध्ये त्याला चहूबाजूंनी जाड कड दिली आणि कडेचे कोपरे गोल केले. दहा मिनिटांचं काम. स्क्रीनवर मस्त दिसत होतं. मोठ्ठं प्रूफ काढलं, भिंतीला लावलं, वडिलांना बोलावलं. ते लांबूनच म्हणाले, "शुम्र? हे काय नाव आहे?"

भ ची फट साफ बुजली होती. मी तीन दिवस ते रोज बघत होतो आणि रोज 'शुभ्र'च वाचत होतो, कारण मला नाव माहीत होतं. कहर म्हणजे बाईंनीही पाहून 'छान' म्हटलं होतं. त्यांनाही नाव माहीत.

मग कडा देण्याचा उद्योग टाकून दिला. 'बालू २'चं सर्वांत जाड वजन घेऊन बघितलं, त्याहून एक पायरी खालचं बाईंना आणि मला दोघांनाही पटलं. राउटरवाले, दिव्यांच्या पाटीचा नमुना रात्री बघितला, तुम्ही म्हणालात तसंच झालं. म्हणून दिवे अक्षराच्या पोटात न घालता मागे टाकायचं ठरतंय, म्हणजे अक्षर काळं आणि भोवती उजेड. हे जमेल ना?

पत्रक साध्या फॉन्टमध्ये. 'नये' ठळक. यावर बाई कुरकुरल्या, तेव्हा मुद्रितशोधकांचा प्रतिसाद वाचून दाखवला. बधिर गालापाशी त्या हसल्या आणि गप्प बसल्या.

पहिल्या प्रश्नाचं म्हणाल तर मी अजून पूर्ण वळलेलो नाही. मला ती पाटी थोडी लाडिकच वाटते. पण काल समोरच्या फुटपाथवरून पाहिली तेव्हा 'शुभ्र' वाचता आलं, आणि आत जायची भीती वाटली नाही हेही खरं. मला अक्कलदाढेसाठी जायचंच होतं.

राउटरवाला

जमेल. अक्षर भिंतीपासून थोडं पुढे ठेवा आणि मागची भिंत मॅट असू द्या. चकचकीत असेल तर एकेक एलईडी आरशात दिसल्यासारखा मोजता येतो.

टोकदार

अक्कलदाढ काढल्यावर पाटी कशी वाटते ते कळवा.

अनुस्वार

शुम्र.

नवा_सदस्य_७

छान धागा. सगळे प्रतिसाद वाचायला वेळ नाही मिळाला. पण 'शुम्र' हा फॉन्ट कुठे डाउनलोड करायचा?